सिग्नल नेमका कुणाचा? : डोप केलेले अतिवाहक आणि एनएमआर
(वाचक विचारतात)

अतिवाहकांवरच्या लेखानंतर इंदूर-महूकडून आलेले बरेच प्रश्न केंद्रकीय चुंबकीय अनुनादाचे, म्हणजे एनएमआरचे होते : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रकांना रेडिओ लहरींचा पल्स देऊन त्यांचा सिग्नल ऐकण्याचं हे तंत्र. बहुतेक प्रश्नकर्ते स्वतः सॅम्पल भाजणारे, मोजमाप करणारे आहेत, म्हणून उत्तरंही त्याच पातळीवर दिली आहेत. नव्या वाचकांसाठी थोडं आधी सांगतो. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड हा मुळात प्रतिलोहचुंबकीय विद्युतरोधक. त्यातल्या काही लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की तांबे-ऑक्सिजनच्या थरांत होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, येतात आणि साधारण १५ टक्क्यांना ३८ केल्विनच्या आसपास संक्रमण होऊन त्याखाली अतिवाहकता, म्हणजे शून्य रोध, मिळते. हे झालं डोपिंग. रोधमापन आणि चुंबकत्वमापन अख्ख्या गोळीची सरासरी सांगतात. एनएमआर मात्र एकेका अणूच्या जागी काय चाललंय ते सांगतो. म्हणूनच दिसणारा सिग्नल कोणत्या अणूंचा आणि एकूण अणूंपैकी कितींचा, हे पक्कं केल्याशिवाय पुढचा अर्थ लावू नये.

प्रश्न : आमच्या रसायन विभागात ४०० मेगाहर्ट्झचं एनएमआर आहे. दिवसा त्यावर द्रावणं मोजतात, रात्री ते रिकामं असतं. वायबीसीओची (यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची) पूड नळीत भरून तांब्याचा सिग्नल घेता येईल का? (एमएस्सी विद्यार्थिनी, खंडवा रोड)

नाही. चुंबक पुरेसा आहे, अडचण बाकीच्या यंत्रणेची आहे. त्या चुंबकाचं क्षेत्र ९.४ टेस्ला, त्यात तांबे-६३ ची वारंवारता १०६ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. पण तांब्याच्या केंद्रकाचा स्पिन ३/२ आहे, त्यामुळे त्याला क्वाड्रुपोल आघूर्ण असतो, म्हणजे त्याचा प्रभार गोलाकार पसरलेला नसतो, आणि स्फटिकातलं विद्युतक्षेत्र रेषा फाकवतं. वायबीसीओच्या थरातल्या तांब्यासाठी ही क्वाड्रुपोल वारंवारता ३१.५ मेगाहर्ट्झ आहे. कणांची दिशा विस्कळीत असेल तर नुसती मधली रेषाच जवळजवळ ५ मेगाहर्ट्झ रुंद होते आणि बाजूच्या रेषा दोन्हीकडे तीस-एकतीस मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात. द्रावणाच्या प्रोबचा दहा मायक्रोसेकंदांचा पल्स यातले काही दशक किलोहर्ट्झच हलवतो. शिवाय रिसीव्हर उघडेपर्यंत सिग्नल विरून गेलेला असतो. इथे दोन-तीन मायक्रोसेकंदांचे पल्स, काहीशे वॉटचा अॅम्प्लिफायर आणि स्पिन-एको (दोन पल्सनंतर थोड्या विलंबानं परत उमटणारा सिग्नल) लागतो. वारंवारता टप्प्याटप्प्यानं सरकवून प्रत्येक ठिकाणचा एको जोडत जायचा.

पण निराश होऊ नका. याच क्वाड्रुपोल परिणामामुळे चुंबकाशिवायही अनुनाद मिळतो. त्याला एनक्यूआर म्हणतात. पूर्ण ऑक्सिजन भरलेल्या वायबीसीओत थरातलं तांबं ३१.५ मेगाहर्ट्झला आणि साखळीतलं तांबं २२ च्या आसपास दिसतं. त्यात पुडीच्या कणांची दिशा कशीही असली तरी चालते. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि वायबीसीओचं संक्रमण ९२ ला होतं, त्यामुळे हीलियमशिवाय संक्रमणाच्या दोन्ही बाजू पाहता येतात. सुरुवात इथूनच करा. मिळालेली रेषा खरंच तांब्याची आहे का, हे तपासणं सोपं आहे : तांबे-६५ ची जोडरेषा १.०८ पटीनं खाली, म्हणजे २९.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, निम्म्याहून कमी उंचीची दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर तो सिग्नल तांब्याचा नाही.

प्रश्न : प्रोबच्या कॉइलला साधी मोटर वाइंडिंगची तार चालेल का? (तंत्रज्ञ, महू)

तांब्याचा एनएमआर करायचा असेल तर अजिबात नाही. कॉइलचं तांबंही सिग्नल देतं. धातुरूप तांब्याची नाइट शिफ्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनांमुळे होणारा वारंवारतेचा सरकाव, ०.२४ टक्के असते, म्हणजे ७ टेस्लाला ७९ मेगाहर्ट्झच्या किंचित वर एक टोकदार रेषा कायम उभी राहते. तार चांदीची घ्या. चांदीच्या दोन्ही समस्थानिकांची वारंवारता इतकी खाली असते की ती वाटेत येत नाही. सराफ्यात तार ओढून मिळते, पण मागताना ९९.९ टंचाची शुद्ध चांदी असं स्पष्ट सांगा. दागिन्यांच्या चांदीत कडकपणासाठी तांबंच मिसळलेलं असतं, तेव्हा ९२.५ ची तार आणली तर पैसे जातील आणि खोटी रेषाही राहील. सॅम्पलसाठी काचेची नळीसुद्धा टाळा. बोरोसिलिकेट काचेत सोडियम असतं आणि सोडियम-२३ ची वारंवारता तांबे-६३ पेक्षा जेमतेम ०.२ टक्क्यांनी कमी आहे. क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉन वापरा.

प्रश्न : सगळे कण एकाच दिशेला वळावेत म्हणून वायबीसीओची पूड एपॉक्सीत घालून चुंबकात ठेवली, तरी रेषा रुंदच राहिली. सी-अक्ष (स्फटिकातल्या थरांना लंब असणारा अक्ष) जुळला नाही असं वाटतं. चूक कुठे होत असेल? (संशोधक विद्यार्थी, सुदामानगर)

बहुतेक वेळा चूक एपॉक्सी कालवण्याच्या आधीच झालेली असते. चुंबकीय क्षेत्र कणाला वळवतं, पण तो कण एकच स्फटिक असेल तरच. दोन-तीन स्फटिक चिकटून बनलेल्या कणाला एक सी-अक्षच नसतो, मग तो वळून वळणार कुठे? म्हणून भाजलेल्या गोळीतले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली किती मोठे दिसतात ते आधी पाहा आणि पूड त्याहून बारीक करा. ते दहा मायक्रॉनचे असतील आणि तुम्ही ४४ मायक्रॉनच्या, म्हणजे ३२५ मेशच्या चाळणीवर थांबलात, तर जुळणी अर्धवटच राहणार. गोळी जास्त वेळ भाजून स्फटिक वाढवणं हा दुसरा मार्ग. मात्र त्यानंतर ऑक्सिजनच्या प्रवाहातलं संथ थंड करणं पुन्हा करावं लागतं, नाहीतर डोपिंगच बदलतं.

बारीक पुडीचा आणखी एक फायदा आहे. रेडिओ लहरी धातूच्या आत थोड्याच खोलीपर्यंत शिरतात. ७९ मेगाहर्ट्झला रोधकता १०० मायक्रोओहम-सेंटिमीटर असेल तर ही खोली साधारण ५५ ते ६० मायक्रॉन. कण याहून जाड असला की त्याचं पोट सिग्नलमध्ये येतच नाही. पण तासन्‌तास खलू नका. अतिखलानं कणांचा पृष्ठभाग ताणला जातो आणि क्वाड्रुपोल रेषा त्याच कारणानं रुंद होते. खल अगेटचाच हवा. लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळले तर त्यांचं चुंबकत्व रेषा फासून टाकतं.

वायबीसीओला पाण्याचं वावडं आहे. ओलाव्यानं बेरियम बाहेर पडून आधी हायड्रॉक्साइड आणि मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट बनतं. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर या काळात खलणं-चाळणं कोरड्या हवेच्या पेटीतच करा आणि पूड डेसिकेटरमध्ये ठेवा.

आता एपॉक्सी. स्टायकास्ट १२६६ चं प्रमाण वजनानं १०० भाग रेझिनला २८ भाग हार्डनर. हे तराजूवर तोला, अंदाजानं ओतू नका. हार्डनर कमी पडला तर मिश्रण आठवडाभर चिकटच राहतं. कालवल्यावर काही मिनिटं निर्वातात ठेवून बुडबुडे काढा. पूड आकारमानाच्या पाव भागापेक्षा जास्त नको, कारण दाटीत कण एकमेकांना अडवतात. मिश्रण साधारण अर्ध्या तासात घट्ट होऊ लागतं, त्यामुळे टेफ्लॉनचा साचा तोवर ७ टेस्लाच्या क्षेत्रात पोहोचलेला असायला हवा. साचा सुरुवातीची काही मिनिटं हलकेच टकटकवा. मग रात्रभर, खोलीच्या तापमानाला, क्षेत्र कमी न करता ठेवा.

तपासणी क्ष-किरणांनी करा. क्षेत्राला लंब असलेला पृष्ठभाग घासून विवर्तन घ्या. तांब्याच्या किरणांत ३२.८ अंशांजवळची, विस्कळीत पुडीत सर्वांत उंच असणारी रेषा जवळजवळ नाहीशी झाली आणि ००एल (सी-अक्षाला लंब पातळ्यांच्या) रेषाच उरल्या, तर जुळणी झाली. ती रेषा अजून ठळक असेल तर त्या सॅम्पलवर एनएमआरचा वेळ घालवू नका. यट्रियमच्या जागी अर्बियम असेल तर सी-अक्ष क्षेत्राला लंब वळतो, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियमच्या सॅम्पलमध्ये एनक्यूआरला दोन रेषा येतात. दुसरी रेषा अशुद्धीची समजावी का? (प्राध्यापक, रामबाग)

नाही, ती डोपिंगचीच खूण आहे. १५ टक्क्यांच्या आसपासच्या सॅम्पलमध्ये तांबे-६३ ची मुख्य रेषा ३६ मेगाहर्ट्झजवळ आणि दुसरी ३८ ते ३९ च्या दरम्यान मिळते. दुसरी रेषा स्ट्रॉन्शियमला लागून असलेल्या तांब्याची, म्हणून तिची तीव्रता स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणात वाढते. हे प्रमाण मोजलंत तर वजन करून घातलेलं स्ट्रॉन्शियम खरंच जाळीत गेलं का, याचा स्वतंत्र पुरावा मिळतो.

मात्र इथे एक मोठा सापळा आहे. तांबे-६३ च्या दुसऱ्या रेषेला १.०८ नं भागलं की तांबे-६५ ची दुसरी रेषा मिळते, आणि ती नेमकी तांबे-६३ च्या मुख्य रेषेखाली येऊन बसते. नैसर्गिक तांब्यात ६९ टक्के ६३ आणि ३१ टक्के ६५ असतं, त्यामुळे मुख्य रेषेत परकी भेसळ असतेच. नुसता वर्णपट पाहायचा असेल तर जोडणी (फिट) करताना हे धरा. टी१ (पल्सनंतर केंद्रकं मूळ स्थितीत परतण्याचा काळ) मोजायचा असेल, विशेषतः मुख्य रेषेच्या कडांवर, तर एकाच समस्थानिकाचं समृद्ध तांबं वापरून सॅम्पल बनवणं हाच स्वच्छ उपाय. ते महाग पडतं, पण एका ग्रॅमच्या आतलं सॅम्पल पुरतं.

प्रश्न : थंड करत गेलं की सिग्नल वाढायला हवा. आमचा मात्र संक्रमणाच्या बराच आधी कमी होऊ लागतो आणि संक्रमणाखाली तर निम्मा होतो. सॅम्पल खराब आहे का? (संशोधक विद्यार्थी, खंडवा रोड)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच मोजा.

संक्रमणाखालची घट अपेक्षित आहे. अतिवाहक रेडिओ लहरींना बाहेर ठेवतो, त्यामुळे कणाचा फक्त बाहेरचा थर बोलतो. चुंबकाशिवायच्या एनक्यूआरमध्ये हा परिणाम आणखी तीव्र असतो. त्याच वेळी कॉइलचं इंडक्टन्स कमी होऊन तिची ट्यूनिंग वर सरकते. याचा फायदा घ्या. अगदी कमी पॉवरवर ट्यूनिंग वारंवारता तापमानानुसार नोंदवत गेलं की लावलेल्या क्षेत्रातच, त्याच सॅम्पलचं संक्रमण तापमान मिळतं. सात टेस्लाला ते शून्य क्षेत्रापेक्षा खाली असतं, तेव्हा आलेखावर चुंबकत्वमापनातला आकडा लिहू नका.

संक्रमणाच्या वरची घट जास्त विचार करायला लावणारी आहे. आधी हिशेब नीट करा. प्रत्येक तापमानाला ट्यूनिंग आणि क्यू (कॉइल किती वेळ घुमत राहते त्याचं माप) पुन्हा जुळवा, नव्वद अंशांचा पल्स पुन्हा शोधा, एको चार-पाच वेगवेगळ्या विलंबांना मोजून शून्य विलंबापर्यंत मागे न्या, आणि मग तीव्रतेला तापमानानं गुणा. हा गुणाकार सपाट राहायला हवा. एवढं करूनही तो पडत असेल, तर काही तांब्याच्या केंद्रकांचा टी२ (एको विरून जाण्याचा काळ) इतका आखूड झालाय की रिसीव्हर उघडण्याआधीच ती गप्प होतात. डोपिंग एक-अष्टमांशाजवळ असताना, विशेषतः निओडिमियम किंवा युरोपियम मिसळलेल्या लॅन्थॅनम कुटुंबात, ही गळती ७० केल्विनच्या आसपास सुरू होते. १९९९ मध्ये हंट, सिंगर, इमाई आणि सहकाऱ्यांनी ती प्रभार-पट्ट्यांच्या, म्हणजे होल ओळींत गोळा होण्याच्या, क्रमाशी जोडून दाखवली. डोपिंगची सर्वांत रोचक माहिती अशा वेळी न दिसणाऱ्या केंद्रकांत असते. शिल्लक सिग्नलचा टी१ काढून तो अख्ख्या सॅम्पलचा म्हणून छापणं चूक आहे. त्याच सॅम्पलमधला लॅन्थॅनम-१३९, ७ टेस्लाला ४२ मेगाहर्ट्झजवळ, थरापासून दूर असल्यामुळे बहुधा टिकून राहतो. तोही मोजा आणि दोन्हींचा हिशेब शेजारी-शेजारी मांडा.

प्रश्न : जस्त चुंबकीय नाही. मग वायबीसीओत एखादा टक्का जस्त घातल्यावर एनएमआरमध्ये चुंबकत्वाची चिन्हं कशी दिसतात? (वाचक, स्नेहलतागंज)

चुंबकत्व जस्ताचं नसतं, त्याच्या शेजारच्या तांब्यांचं असतं. तांब्यांचे स्पिन एकमेकांशी बांधलेले असतात, त्यातला एक काढला की भोवतालच्या तांब्यांवर चुंबकीय आघूर्ण उमटतो. १९९४ मध्ये ए. व्ही. महाजन, अलूल आणि सहकाऱ्यांनी यट्रियम-८९ च्या एनएमआरमध्ये हे दाखवलं : कमी डोप केलेल्या सॅम्पलमध्ये मुख्य रेषेच्या बाजूला जस्ताशेजारच्या यट्रियमच्या वेगळ्या रेषा आल्या. यट्रियमचा स्पिन १/२, म्हणून क्वाड्रुपोलची कटकट नाही आणि रेषा अरुंद. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ७ टेस्लाला वारंवारता जेमतेम १४.६ मेगाहर्ट्झ आणि टी१ बरेचदा दशक सेकंदांचा, म्हणून एक वर्णपट घ्यायला रात्र जाते.

कमी वारंवारतेला कॉइलचं घुमणंही लांबतं. पल्सनंतर काहीशे व्होल्ट मायक्रोव्होल्टपर्यंत उतरायला साधारण १८ कालस्थिरांक लागतात. क्यू ५० असेल तर हा वेळ ७९ मेगाहर्ट्झला चार मायक्रोसेकंदांच्या आत असतो आणि १४.६ ला वीसच्या घरात जातो. त्यामुळे क्यू मुद्दाम कमी ठेवा किंवा एकोचा विलंब वाढवा. यट्रियमचा टी२ लांब असल्यानं दुसरा मार्ग परवडतो.

प्रश्न : टी१ ची जोडणी एका एक्स्पोनेन्शियलनं जमत नाही. स्ट्रेच्ड (काळावर १ पेक्षा कमी घातांक असलेली) घेतली की जमते. तेवढं पुरे का? (संशोधक विद्यार्थिनी, लोकमान्य नगर)

आधी सूत्र बरोबर आहे का ते पाहा. स्पिन ३/२ च्या मधल्या रेषेसाठी पुनर्प्राप्ती मुळातच दोन भागांची असते : एक-दशांश भाग टी१ च्या वेगानं आणि नऊ-दशांश भाग त्याच्या सहापट वेगानं. एनक्यूआरमध्ये एकच भाग, तिप्पट वेगाचा. हे न घालता साधी एक्स्पोनेन्शियल लावली तर वक्र वाकडाच दिसेल आणि तुम्ही उगाच सॅम्पलला दोष द्याल.

योग्य सूत्र लावूनही जमत नसेल, तर टी१ ची वाटणी आहे. डोप केलेल्या सॅम्पलमध्ये ती असायचीच. स्ट्रेचचा घातांक १ जवळ असेल तर एकच आकडा द्यायला हरकत नाही. तो ०.६-०.७ पर्यंत उतरला तर एक आकडा दिशाभूल करतो. मग रेषेच्या मध्यावर आणि दोन्ही कडांवर टी१ वेगवेगळा मोजा. वेग वारंवारतेनुसार बदलत असेल तर कमी डोप आणि जास्त डोप भाग वेगळे निघतात. शिवाय दोन्ही समस्थानिकांवर मोजा. चुंबकीय चढउतारांमुळे शिथिलीकरण होत असेल तर तांबे-६५ चा वेग १.१५ पट जास्त येतो, विद्युतक्षेत्राच्या चढउतारांमुळे असेल तर ०.८६ पट, म्हणजे कमी.

प्रश्न : संक्रमणाखाली तांब्याची नाइट शिफ्ट बदललीच नाही. इलेक्ट्रॉनच्या जोड्या ट्रिप्लेट (दोघांचे स्पिन समांतर) आहेत असा निष्कर्ष काढता येईल का? (संशोधक विद्यार्थी, विजयनगर)

थांबा. क्षेत्र सी-अक्षाला समांतर होतं का? तसं असेल तर वायबीसीओत थरातल्या तांब्याची शिफ्ट १.२७ टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमानानं जवळजवळ हलतच नाही. तांब्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनचा आणि चार शेजाऱ्यांचा वाटा या दिशेला एकमेकांना खाऊन टाकतो. उरतो तो कक्षीय भाग, आणि त्याला जोड्यांशी देणंघेणं नाही. क्षेत्र थरात ठेवून मोजा. तिथे स्पिनचा वाटा ०.३ टक्क्याचा आहे आणि तो संक्रमणाखाली पडताना स्पष्ट दिसतो. पण त्याच दिशेला ७ टेस्लाला दुसऱ्या क्रमाचा क्वाड्रुपोल सरकाव २.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ ३ टक्के असतो, मोजायच्या गोष्टीच्या दहापट. एका क्षेत्रावर विसंबू नका. निदान तीन क्षेत्रांना मोजून, एकूण सरकाव वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्तावर मांडून, रेषा शून्याकडे वाढवा. जिथे छेदते ती नाइट शिफ्ट.

दुसरा संशयित पल्सची उष्णता. स्ट्रॉन्शियम रुथेनेटचं संक्रमण १.५ केल्विनला होतं. १९९८ मध्ये ऑक्सिजन-१७ ची शिफ्ट त्याखाली बदलत नाही असं दिसलं आणि ट्रिप्लेट जोड्यांचा तो मोठा पुरावा मानला गेला. २०१९ मध्ये पुस्टोगोव, ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी पल्सची ऊर्जा कमी करून तेच मोजमाप केलं, तेव्हा शिफ्ट घसरताना दिसली. आधीचे पल्स सॅम्पलला क्षणभर संक्रमणाच्या वर नेत होते. थर्मामीटर कॉइलबाहेर असतो आणि सॅम्पल एको येईपर्यंत गरमच असतं, म्हणून तापमानाचा आकडा स्थिर दिसतो.

तुमच्या सॅम्पलवर हे असं तपासा. तापमान आणि विलंब तेच ठेवून पल्सची ऊर्जा पायरी-पायरीनं कमी करा, नव्वदऐवजी तीस, मग पंधरा अंश. सिग्नल कमी होईल, सरासरी जास्त घ्यावी लागेल. शिफ्ट ऊर्जेनुसार सरकत असेल तर ती शून्य ऊर्जेपर्यंत मागे नेऊनच आकडा लिहा. पल्स संपल्यानंतर लगेच कॉइलची ट्यूनिंगही पाहा. ती सामान्य अवस्थेतल्या जागी जाऊन मग हळूहळू परत येत असेल, तर एकोच्या वेळी तुमचं सॅम्पल अतिवाहक नव्हतंच. एपॉक्सीत जुळवलेल्या पुडीत हा धोका अधिक असतो, कारण एपॉक्सी उष्णता वाहून नेत नाही. दोन केल्विनच्या खाली काम असेल तर पातळ काप घ्या आणि तो थेट द्रव हीलियममध्ये बुडवा.